रजेतली रिठद-जऊळका वाट

आमचं लग्न झालं तेव्हा हे आधीच पलटणीत होते. रिठदच्या शेतकरी घरातला धाकटा मुलगा मोटारीचं काम शिकायला अकोल्याला गेला आणि तिथूनच भरती झाला. लढाईचे दिवस होते, मोटारी दुरुस्त करणाऱ्यांची सरकारला गरज होती. अंगावर खाकी वर्दी, पायात बूट, पण हातात बंदुकीपेक्षा पाना जास्त. लग्नानंतर वर्षभर मी रिठदला सासूजवळ राहिले आणि हे जबलपूरच्या छावणीत. मग तिथल्या एका हवालदाराचं बिऱ्हाड रिकामं झालं, ते यांना मिळालं आणि हे मला न्यायला आले.

एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, नळ शंभर पावलांवर. शेजारच्या बाया कुणी पंजाबी बोलायच्या, कुणी मद्राशी. पहिले दोन महिने मी कुणाशी बोललेच नाही, कारण मला वऱ्हाडीशिवाय काही येत नव्हतं. पण त्या खोलीत मी एक गोष्ट केली जी आमच्याकडे कोणत्याच सुनेने केली नव्हती. यांच्या समोर बसून जेवले. पहिल्या दिवशी मी ताट वाढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. हे म्हणाले, "तिकडं काय पाहून राह्यली? इथं कोन हाये लाजाले? बस." मी बसले. फार लाज वाटली. आठवड्याभरात सवय झाली आणि मग यांना कामावरून यायला उशीर झाला तर मी उपाशी थांबायला लागले, एकटीला जेवण जाईना म्हणून.

आणि तरी मला घरची ओढ होती. घर म्हणजे जऊळका. मी आईबापाची एकटीच. भाऊ नाही, बहीण नाही. मी गेल्यावर मायने कुणाची वेणी घालायची, कुणाला हाक मारायची, याच विचाराने मला दुपारी रडू यायचं. सासरची आठवणही यायची, खोटं कशाला सांगू, पण ती वेगळी. रिठदच्या घरात मी वर्षभरच राहिले होते आणि ते वर्ष मी बहुतेक चुलीपुढे काढलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर यांना वीस दिवसांची रजा मिळाली. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून रजा वाटून घेतली. चार दिवस जाण्यायेण्याचे. दहा दिवस रिठदला, सहा जऊळक्याला. मी म्हटलं, "आठ-आठ करा ना." हे हसले. म्हणाले, "माय जित्ती ठेवन का मले?"

सामान बांधताना यांनी स्टोव्ह घेतला, पोळपाट घेतला, भिंतीवरचा आरसाही उतरवून बिस्तऱ्यात गुंडाळला. मी विचारलं, "आरसा कायले? आपन वापस येनारच हाये ना?"

"चोऱ्या लय होऊन राह्यल्या," एवढंच म्हणाले आणि काळ्या पेटीला कुलूप लावलं.

आगगाडीत माणसांवर माणसं होती, बहुतेक शिपाईच. अकोल्याला उतरलो तर मालेगावला जाणारी मोटार कोळशावर चालणारी निघाली. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मागे लोखंडी भट्टी बांधलेली, त्यात क्लीनर कोळसे घालायचा आणि मोटार धापा टाकत चालायची. पातूरच्या घाटात ती थांबलीच. ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं. म्हातारे, बाया, लेकुरवाळ्या, सगळे चालत घाट चढू लागले. यांना राहवेना. ड्रायव्हरपाशी जाऊन म्हणाले, "भाऊ, भट्टीची जाळी साफ केली का कधी?" मग वर्दीच्या बाह्या वर करून स्वतःच आत हात घातला. मोटार सुरू झाली खरी, पण माणसं घेऊन चढेना, रिकामीच पुढे गेली. मग आम्ही दोघंही चालत निघालो. यांचं तोंड काळं झालं होतं. मी पदराने पुसायला हात वर केला आणि आजूबाजूला पाहून खाली घेतला. छावणी मागे राहिली, हे मला तिथे कळलं. आता आपल्या मुलखात आलो होतो. इथे नवऱ्याचं तोंड पुसायचं नसतं.

मालेगावला मोठे भासरे गाडी घेऊन आले होते. हे भावाजवळ पुढे बसले, मी मागे पेटीला टेकून, डोक्यावरचा पदर दातांत धरून. दिवस मावळता रिठदला पोचलो. सासूबाई वेशीपर्यंत आल्या होत्या. सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्यांनी दोन मुलं एकटीच्या जिवावर वाढवली होती. लेकाच्या तोंडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "काहून रे, येवढा वाळला कायले? तिकडं खायाले भेटत नाई का?" आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी जबलपुरात चांगली भरले होते. मला माझे दंड लपवावेसे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून घर माणसांनी भरलं. पलटणीतला माणूस पाहायला सगळं गाव येत होतं. कुणाचा भाचा कुठल्या छावणीत आहे, कुणाचं पत्र आलं नाही, जपान कुठे आहे, हे सगळे प्रश्न ओसरीवर यांना विचारले जायचे आणि मी आत जाऊबरोबर भाकऱ्या थापत ते ऐकायचे. यांचा आवाज मला दिवसभर ऐकू येई, पण तो माझ्यासाठी नसे. रात्री हे भावाबरोबर ज्वारीच्या राखणीला शेतात जायचे. दहा दिवसांत आमचं बोलणं झालं ते एवढंच: एकदा मी पाण्याचा तांब्या ठेवला तेव्हा हे हळूच म्हणाले, "बरी हायेस?" आणि मी मान हलवली.

जेवायला बसले की सासूबाई यांच्या पुढ्यात बसायच्या. वाढायच्याही त्याच. कानोले केले तर मोडून हातात द्यायच्या. मी कढीचं भांडं घेऊन दारात उभी राहायची. एका दुपारी मी नकळत म्हणून गेले, "त्याइले गोड कढी आवडत नाई, गूळ कमी घाला." छावणीत वर्षभर मीच रांधत होते, मला माहीत होतं. सासूबाईंनी वर पाहिलं. म्हणाल्या, "तू पाह्यलं ना वरीसभर माह्या लेकाले? आता दहा दिवस मले पाहू दे."

मला फार लागलं ते. मी भांडं ठेवून मागच्या अंगणात गेले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. त्यांच्या जागी उभं राहून पाहण्याचं माझं वय नव्हतं.

जऊळक्याहून माझ्या बापाचा निरोप आला की आमची बैलजोडी हरभऱ्याच्या पेरणीत गुंतली आहे, तरी दिवाळीनंतर पोरीला आणि जवाईबुवांना कृपा करून पोचवून द्यावं. भाऊबीज झाल्यावर निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी सासूबाई मोठ्या लेकाला म्हणाल्या, "तू जाय सुनेले घेऊन. मायबापाले भेटू दे तिले. धाकला राहीन इथं. रजा सरली का मालेगाववरून दोघं जातीन संगं."

भासरे काही म्हणायच्या आत हे बोलले. ओसरीवर चार माणसं बसलेली होती, त्यांच्यादेखत.

"मीच नेतो तिले, माय. गाडी मी हाकतो."

"मंग परवा वापस ये."

"नाई माय. तिकडूनच जाईन मी."

मी दाराआड होते.  बायकोसाठी आईला असं कुणी बोलत नसे, आमच्याकडे तर नाहीच. सासूबाई उठल्या, आत आल्या, माझ्याजवळून गेल्या आणि डबा काढून त्यात शेव भरायला लागल्या. सकाळी गाडी जुंपली तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत. हे आत गेले, पाया पडले. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. मला वाटलं, आईशी असं वागले म्हणून वाईट वाटत असेल. आणि खरं सांगते, मला मनातून आनंद झाला होता. माझ्यासाठी हे आईला नाही म्हणाले, असं मला वाटलं होतं.

गाव मागे पडल्यावर यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "पुढं ये. इथं कोन पाह्यते?"

मी सरकत पुढे आले आणि यांच्या शेजारी जुवाच्या मागे बसले. त्या दिवशी ऊन कोवळं होतं. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, तुरी पिवळ्या फुलांवर आलेल्या. बैल आपल्या चालीनं चालले होते. यांनी कासरा माझ्या हातात दिला. मी शेतकऱ्याची पोर, पण बाईमाणसाने गाडी हाकलेली मी कधी पाहिली नव्हती. डावा बैल बांधाकडे गेला, चाक खड्ड्यात गेलं, आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो आणि मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. समोरून एक गाडी आली तेव्हा मी झटकन मागे गेले, पदर ओढून घेतला. ती गेली, मी परत पुढे. असं तीन-चारदा झालं. दहा दिवसांचं सगळं बोलणं मी त्या वाटेवर बोलून घेतलं. जाऊने काय म्हटलं, कढीवरून काय झालं, मी मागच्या अंगणात कशी रडले. हे ऐकत होते. शिरपूर मागे टाकल्यावर मात्र यांनी कासरा परत आपल्या हातात घेतला.

एका ओढ्याजवळ बाभळीखाली गाडी सोडली. बैलांना पाणी पाजलं. भाकर, ठेचा आणि सासूबाईंनी दिलेली शेव काढून आम्ही समोरासमोर बसलो, छावणीतल्यासारखे. दोन घास झाले असतील. हे म्हणाले, "आपलं बिऱ्हाड मी सोडून आलो."

मला कळेना.

"पलटन समुद्रापार जाऊन राह्यली. रजा सरली का निघाचं. कुठं ते सांगतलं नाई आमाले."

मला आधी आरसा आठवला, मग स्टोव्ह, पोळपाट. मी विचारलं, "मायले सांगतलं?"

"नाई. तिले सांगतलं असतं तर ते रडली असती आन् माहा पाय निघाला नसता. अजून दोन दिवस तिच्या पुढ्यात बसलो असतो तरी तोंडातून निघूनच गेलं असतं. म्हनून पयालो."

म्हणजे हे माझ्यासाठी निघाले नव्हते. निदान नुसत्या माझ्यासाठी नाही. हे कळल्यावर मला सकाळच्या आनंदाची लाज वाटली. पण तेव्हा रडूच इतकं आलं की लाज मागे राहिली. हे जवळ येऊन बसले. उघड्यावर, भर दुपारी, माझा हात हातात घेऊन. वाटेने एक गुराखी गुरं घेऊन गेला तरी यांनी हात सोडला नाही.

मग म्हणाले, "तू कुठं राहशीन? रिठदले का जऊळक्याले? तू सांग. तू म्हनशीन तसं."

मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी लगेच म्हटलं, "जऊळक्याले." हे म्हणाले, "बरं." आणि बैल जुंपले. उरलेल्या वाटेत मी यांच्या शेजारून हलले नाही. मालेगावच्या बाजारातून जातानाही नाही. लोक पाहत होते. पाहू दे म्हटलं.

जऊळक्याला मायने माझ्या गळ्यात पडून जे रडायचं ते रडून घेतलं आणि मग जवाईबुवांच्या पाहुणचाराला लागली. बाप यांच्यापुढे कमी बोलायचा, पण रोज यांना शेतावर न्यायचा. पुरण झालं, रोडगे झाले, शेवयांची खीर झाली. माझ्या लाडाला तर पार नव्हता. ज्या घरासाठी मी जबलपुरात दुपारी रडायचे त्याच घरात मी बसले होते, माय माझे केस विंचरत होती, आणि मला त्या पत्र्याच्या पडवीची आठवण येत होती. हे बापासोबत शेतावर असले की मी दाराकडे पाहत राहायचे. जावई म्हणून यांना इथे इतका मान होता की त्या मानातून माझ्यापर्यंत येणं यांनाही जमत नव्हतं. सहा दिवस असे गेले.

जाण्याच्या दिवशी बाप रिठदचीच गाडी घेऊन आम्हांला मालेगावला घेऊन गेला. ती गाडी रिठदला परत पोचवायची होतीच. यांना मोटारीत बसवून तो तसाच पुढे जाणार होता आणि मी गावच्या एका ओळखीच्या गाडीतून जऊळक्याला माघारी येणार होते. मोटार सुटायला वेळ होता. बाप बैलांना वैरण टाकत होता. हे मला म्हणाले, "मायले कोनाच्या हातून तरी कळवा लागन. मी पत्र टाकीन."

"पत्र वाचनार कोन?" मी विचारलं. "त्या घरात वाचता मलेच येते."

 मोटार सुरू झाली. मी हात वर केला की नाही ते आता आठवत नाही. धूर दिसेनासा झाल्यावर मी बापाजवळ गेले आणि म्हटलं, "बाबा, मी बी येतो रिठदले."

"काहून वं? माय वाट पाहून राह्यली तुही."

"त्याइच्या मायले सांगाचं हाये."

बापाने माझ्याकडे पाहिलं. त्याची एकुलती एक लेक वर्षानं घरी आली होती आणि सहाच दिवसांत परत चालली होती. तो एवढंच म्हणाला, "बस मंग." जऊळक्याला निरोप धाडला आणि गाडी रिठदकडे वळवली. मायने त्या दिवशी माझ्या आवडीची भरली वांगी करून ठेवली होती, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

सासूबाई अंगणात कपाशीच्या बोंडातला कचरा वेचत होत्या. यांच्याशिवाय मला आलेली पाहून उठल्या. मी तिथे उभ्या उभ्याच सांगितलं. फिरवून सांगायला मला येत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुले कधी सांगतलं त्यानं?"

"वाटनं. जऊळक्याले जातानी."

"तुले सांगतलं," त्या म्हणाल्या. "मले नाई सांगतलं." आणि परत कचरा वेचायला बसल्या.

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी चुलीशी आम्ही दोघीच होतो. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तिकडं तो उठाचा कधी?" मी सांगितलं, भोंगा व्हायच्या आधी. "आंघोयीले गरम पानी भेटत होतं का?" मी म्हटलं, हिवाळ्यात मी तापवून द्यायची. "आन् खाटेवर कोनत्या कुशीले निजाचा?" मला लाज वाटली, पण सांगितलं, डाव्या. त्या म्हणाल्या, "लहानपनापासून डाव्याच."

तिथून आमचं सुरू झालं. त्यांच्यापाशी त्यांच्या लेकाची वीस वर्षं होती, माझ्यापाशी एक. रोज थोडं थोडं आम्ही एकमेकींना देत गेलो. हे पाच वर्षांचे असताना गोवर निघाला तेव्हा त्यांनी कसं कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं, पहिल्यांदा मोटार पाहिली तेव्हा हे तिच्यामागे कसे पळत गेले, हे मला त्यांनीच सांगितलं. कढीत गूळ त्या कमी घालायला लागल्या, खाणारा घरी नसताना. पत्रं यायची तेव्हा मी वाचायची आणि अर्ध्या ओळी सरकारी माणसांनी काळ्या शाईनं खोडलेल्या असायच्या. त्या खोडलेल्या जागेवर बोट ठेवून त्या विचारायच्या, "इथं काय लेयलं असन?" मी काहीतरी सांगायची. एकदा मी "मायची आठवन येते" असं सांगितलं तेव्हा त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला.

मी दर दिवाळीला चार दिवस जऊळक्याला जायची. बाप यायचा न्यायला. त्या वाटेवर ओढा यायचा, बाभूळ यायची. मी बापाला कधी थांब म्हटलं नाही.

लढाई संपली. पण हे लगेच आले नाहीत, जहाजं मिळत नव्हती म्हणे. त्या पावसाळ्याच्या शेवटी सासूबाईंना ताप भरला. वैद्याचा काढा झाला, वाशिमच्या डॉक्टरची बाटली झाली. शेवटच्या दोन दिवसांत त्या मला यांच्याच नावाने हाक मारत होत्या. मी ओ देत होते. एकदा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दोन दिस अजून राह्यला असता तर काय बिघडलं असतं रे?" मी म्हटलं, "चुकलं माय." यांच्या वतीने म्हटलं, की माझ्या, ते मलाही सांगता येणार नाही. त्या गेल्या. मी यांना पत्र टाकलं.

हे आले ते कपाशीच्या वेचणीत. न कळवता, वाशिमहून पायी, खांद्यावर एक पिशवी. घरी कुणी नव्हतं म्हणून सरळ शेतात आले. मी कमरेला बांधलेल्या लुगड्याच्या ओट्यात कापूस घेऊन ओळीत वाकले होते. बूट वाजले म्हणून वर पाहिलं. एका कानाने यांना कमी ऐकू येत होतं, ते मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की केस कानांजवळ पांढरे झाले आहेत आणि हे हसत आहेत.

"माय कुठं हाये?" हे म्हणाले.

माझं पत्र पोचलं नव्हतं. मी कमरेचा ओटा सोडला, कापूस खाली ठेवला आणि सांगितलं. एकदा सांगितलं तर ऐकू आलं नाही, पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. हे तिथेच बांधावर बसले. पिशवी मांडीवर घेऊन, मान खाली घालून. तीन वर्षं मी या माणसाची वाट पाहिली होती. मला जाऊन जवळ बसायचं होतं, त्या ओढ्याकाठी हे बसले होते तसं. पण बाजूच्या ओळींत जाऊ होती, गावातल्या सहा-सात बाया होत्या आणि सगळ्या हात थांबवून आमच्याकडेच पाहत होत्या.

मी पाण्याची घागर आणून यांच्यापाशी ठेवली. मग कमरेला ओटा परत बांधला आणि माझ्या ओळीला लागले. हे दिवस कलेपर्यंत तिथे बसून होते.